अर्धं वाक्य

२ फेब्रुवारी

चिंगे,

आशीर्वाद आहेतच, पण त्यांच्या आधी एक टपली घे. फोन करायचा नाही, मेसेज करायचा नाही, फोटो पाठवायचा नाही. कागदावर पत्र लिहायचं, तेही तुझ्या नावाने नाही, विभागाच्या पत्त्यावर. तुझा निरोप वाचून मी सुई हातात धरून नुसती बसून राहिले. तू विद्यापीठात संशोधन करतेस की बँक लुटून पळाली आहेस, ते एकदा सांग म्हणजे शेजारच्यांना काय सांगायचं ते ठरवता येईल.

'पहारा'वाल्यांचा अभ्यास करतेस हे तू दिवाणखान्यात बसून सांगितलंस तेव्हा मला वाटलं होतं, पुस्तकं वाचून करत असशील. आमच्याकडेही हल्ली भिंतींवर त्यांचं ते चित्र दिसतं, बंद दार आणि त्याला आडवा अडसर. बाहेरून आलेल्यांनी परत जावं म्हणतात. मी म्हटलं, पोरंटोरं आहेत, रंग मिळाला की भिंत रंगवतात.

इकडे सगळं ठीक. आईची शिलाई मशीन, म्हणजे आपली म्हातारी, अजून माझ्यापेक्षा जोरात पळते. दुकानावरचं निळं कापडी छप्पर वाऱ्याने एका बाजूने लोंबतंय. समोरचा किल्लीवाला रोज सांगतो, मी बसवून देतो, आणि रोज विसरतो.

वरचे भाडेकरू येऊन वर्ष होत आलं. त्यांच्या मुलखात त्यांचं काही उरलं नाही म्हणून इतक्या लांब आले. नवरा बस चालवतो, ती घरीच असते, आपली भाषा अजून तोडकीमोडकी बोलते. दोघी पोरी शाळेतून आल्या की सुरू होतं. काय ती पळापळ. हे लोक आल्यापासून माझं छत माझं राहिलेलं नाही बघ, आणि एखाद्या दुपारी वर पळापळ झाली नाही तर मीच काम टाकून जिना चढते, पोरींना ताप तर नाही ना आला.

जेवत जा. तुझी गालफडं बसली होती मागच्या वेळी.

ताई

११ फेब्रुवारी

ताई,

टपली मिळाली, जिथे बसायची तिथे बसली. बँक लुटलेली नाही. लुटली असती तर तुला नवी मशीन घेऊन दिली असती, आणि तू ती परत केली असतीस.

नियम मी केलेले नाहीत. आमच्यातल्या एकीने असाच अभ्यास केला होता. एका सकाळी तिच्या आईच्या फाटकाचा फोटो त्यांच्या गटात फिरत होता आणि खाली फक्त दोन शब्द, 'इथे राहते'. तिची आई नंतर त्या घरात राहिलीच नाही. म्हणून घरच्यांचा माझ्या फोनशी, कॉम्प्युटरशी कसलाही संबंध नको. आणि हे वाचून रागावू नकोस, तुझं पत्र वाचून झालं की मी ते कागद कापायच्या यंत्रात घालते. घरच्यांचं काहीही जवळ ठेवायचं नाही असं ठरलेलं आहे.

'पहारा'वाल्यांनी मला उघड मुलाखती दिल्या होत्या, पण तेव्हा सगळे कसे गोड. खुर्ची पुढे करणारे, चहात साखर किती विचारणारे. खरं बोलतात ते त्यांच्या बंद गटात. तिथे मी खोट्या नावाने शिरले आहे, विद्यापीठाच्या समितीची परवानगी घेऊन. ताई, तिथे जे वाचते ते तुला कसं सांगू. एका आजोबांनी नातवाचा फोटो टाकला, पहिला दात आला म्हणून. सगळ्यांनी कौतुक केलं. आणि त्याच्याच खाली, त्याच माणसांनी, कुठल्या गल्लीतली कुठली घरं 'मोकळी' करायची ते लिहिलं होतं. मध्ये एक ओळसुद्धा मोकळी नाही. मी खुर्ची मागे सारून उठले आणि नुसती खोलीत फिरत राहिले. मला वाटलं होतं राक्षस भेटतील. हे तर आपल्या बसमध्ये शेजारी बसणारे लोक आहेत.

तिथे गप्प बसणाऱ्याला काढून टाकतात. थोडं बोलावं लागतं. ते मी सांभाळते, काळजी करू नकोस.

तू मात्र भरपूर लिही. वरच्यांबद्दल, दुकानाबद्दल, गल्लीबद्दल, अगदी बारीकसारीक. तुझं पत्र आलं की दिवस बरा जातो.

तुझी चिंगी

२६ फेब्रुवारी

चिंगे,

यंत्रात घालते म्हणे. मी डोळे फोडून, चष्मा पुसून चार पानं लिहायची आणि बाईसाहेबांनी त्यांच्या शेवया करायच्या. वाचून दोन दिवस लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. मग आठवलं, लहानपणी तू माझ्या वहीची होडी करून नाल्यात सोडली होतीस. तुझी सवय जुनीच आहे.

बारीकसारीक हवंय ना, घे. परवा वरचीने धुतलेल्या चादरी जिन्याच्या कठड्यावर वाळत टाकल्या. खाली काय, तर एका गिऱ्हाईक बाईचा पांढरा कोट, मी नुकताच इस्त्री करून जिन्याखालच्या खुंटीला लावलेला. टपटप पाणी, तेही रंग गेलेल्या चादरीचं. कोटावर निळे ठिपके. असा संताप आला, चिंगे. वाटलं, जिन्याला कुलूप घालावं आणि किल्ली समोरच्याला देऊन वितळवून टाक म्हणावं. वर जाऊन बोलले मी तिला, वाईट बोलले. तिला निम्मं कळलं नसेल, पण आवाज कळतो.

संध्याकाळी खाली आली, हातात सूपचं पातेलं आणि डोळे लाल. मग आम्ही दोघी बसून लिंबू आणि मीठ लावून तो कोट घासला. डाग निघाला नाही. शेवटी मी त्यावर एक खिसा लावून दिला आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, फॅशन आहे. आम्ही दोघी पोट धरून हसलो. आता तिच्या पोरींना फ्रॉक शिवायचे आहेत, मापं घेतली. धाकटी माप देताना इतकी गुदगुल्यांनी वळवळते की टेप कमरेला लागतच नाही.

तुझ्या त्या आजोबांचं वाचून मला कसंतरीच झालं. नातवाच्या दाताखाली असलं काही लिहिणारा माणूस घरी गेल्यावर नातवाला कुठल्या हातांनी उचलतो, हाच विचार येत राहिला. सोड ते काम. दुसरा विषय मिळत नाही का विद्यापीठात?

ताई

१८ मार्च

ताई,

पत्र छोटंच, वेळ नाही. मला आतल्या गटात घेतलं. बाहेरच्या गटात शेकडो लोक, आत मोजकेच, आणि ठरतं ते सगळं तिथे. आजवर आमच्या क्षेत्रात तिथपर्यंत कुणी पोचलेलं नाही. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी मला चक्क मिठी मारली, आणि त्या कुणाला मिठी मारत नाहीत.

मी तिथे एका प्रौढ बाईचं सोंग घेतलंय. एकटी राहणारी, कष्टाळू, रोखठोक. त्यांना तिचं फार कौतुक. काही लिहिलं की म्हणतात, अशी खरी माणसं पाहिजेत. मलाच नवल वाटतं, मी इतकी चांगली नटी असेन असं वाटलं नव्हतं.

आत जे आहे ते बाहेरच्यापेक्षा वाईट आहे. तिथे चिडून कुणी बोलतच नाही. कामं वाटून घेतात, सहलीचं ठरवावं तसं. गाडी कोण आणणार, डबा कोण आणणार.

वरच्यांच्या पोरींचे फ्रॉक झाले का?

चिंगी

९ एप्रिल

चिंगे,

फ्रॉक कुठले व्हायला, मला मोठी ऑर्डर मिळाली आहे. गेल्या आठवड्यात चार तरुण दुकानात आले. इतके सभ्य, की मला वाटलं काहीतरी वर्गणी मागायला आलेत. चपला बाहेर काढायला निघाले होते, मी म्हटलं, अरे देऊळ नाही, दुकान आहे. एकाच्या जॅकेटची चेन बदलायची होती. मग म्हणाले, काकू, आमच्या मंडळाची सगळ्यांची जॅकेटं तुम्हीच शिवा, तुमच्याच हातची हवीत.

माझं नाव कुठून कळलं विचारलं तर एकमेकांकडे बघून हसले. त्यांच्यातला चष्मेवाला जरा पुढारी दिसतो. तो वर बघून म्हणाला, "काकू, छत कसं आहे?" मी म्हटलं, आहे तिथेच आहे. तर सगळे असे हसले, जशी काही आमची जुनी ओळख. म्हातारीवर हात फिरवून म्हणाला, हीच का ती. मला वाटलं, किल्लीवाल्याने माझी स्तुती केली असेल. गल्लीत सगळ्यांना दुसऱ्याचं सांगायला वेळ आहे.

दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी निळं छप्पर सरळ करून दिलं, पैसे घेतले नाहीत. हल्ली रोज एकजण तरी डोकावतोच. मी मशीनवर असले की फोनसुद्धा उचलतात, गिऱ्हाइकाचा निरोप लिहून ठेवतात. आपल्या घरात असा एक भाऊ असता तर, असं मनात आलं, खोटं कशाला बोलू.

एकच बरं वाटलं नाही. वरच्या पोरी जिन्यात आल्या तर हे सगळे एकदम गप्प झाले. धाकटीने एकाकडे बघून हात हलवला, त्याने हलवला नाही.

जॅकेटाच्या छातीवर लावायला बिल्ले दिलेत, भरतकामाचे. एक जास्तीचा आहे, सोबत पाठवते. टाके बघ किती साफ आहेत, मशीनचे असले तरी. काहीतरी दाराबिराचं चित्र आहे. कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं, पण आठवत नाही.

ताई

१३ एप्रिल, कुरियरने

ताई,

पाकीट उघडलं आणि तो बिल्ला माझ्या मांडीवर पडला. मी किंचाळले. शेजारच्या खोलीतले लोक धावत आले.

हे तेच लोक आहेत. ते दार, तो अडसर, भिंतीवरचं चित्र, तू स्वतःच मला लिहिलं होतंस. तुला ओळखू कसं आलं नाही, हे विचारण्यात आता अर्थ नाही. मी सगळे नियम मोडून दुकानात फोन केला. एका मुलाने उचलला. म्हणाला, "काकू मशीनवर आहेत, आपण कोण बोलताय?" अगदी आदराने. मी फोन ठेवला.

हे पत्र मिळाल्या मिळाल्या दुकान बंद कर. ऑर्डर परत कर, आजारी आहे म्हण, काहीही म्हण. मावशीकडे जा. आणि वरच्यांना सांग की काही दिवस कुणा नातेवाइकाकडे राहा. त्यांना कारण सांगू नकोस, फक्त जायला सांग. तुमच्याकडच्या पोलिसांशी मॅडम बोलल्या. ते म्हणाले, जॅकेट शिवून घेणं हा गुन्हा नाही.

मी स्वतः येऊ शकत नाही. त्यांच्यातल्या दोघांनी मला मुलाखतीच्या वेळी पाहिलं आहे. मला तुझ्या दारात पाहिलं तर तुझं काय होईल सांगता येत नाही.

ते तुझ्याकडे कसे आले, मला माहीत नाही. योगायोग असेल. कृपा करून आजच नीघ.

चिंगी

१६ एप्रिल

चिंगे,

तुझं कुरियर काल आलं. जे व्हायचं ते परवा होऊन गेलं होतं.

दुपारची वेळ. बसवाला कामावर. शाळेला सुट्टी, म्हणून पोरी घरात. मी जॅकेटांची बटणं लावत होते. चष्मेवाला आला, बरोबर पाच-सहाजण, काही नवीन. मला नमस्कार केला. म्हणाला, काकू, तुम्ही उठू नका, आम्ही वरचं बघून येतो. मला वाटलं, छपराचं काही राहिलंय. चिंगे, मी त्यांना हो म्हटलं. मान डोलावली आणि बटण लावत राहिले.

मग दार फुटल्याचा आवाज आला. मग किंकाळी. मी धावले, पण जिन्यातून सामान खाली येत होतं, खुर्ची, गादी, भांडी, पोरींची दप्तरं. मला चढताच येईना. मी ओरडले, थांबा, अरे काय करताय, तर एकजण मला हाताला धरून बाजूला करत म्हणाला, काकू, लागेल तुम्हाला, सांभाळा. काळजीने म्हणाला. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

ती पोरींना पोटाशी धरून खाली आली. तिचा हात मनगटापासून वाकडा झाला होता. मी तिला धरायला पुढे झाले, आणि तेवढ्यात चष्मेवाला तिच्या मागून उतरला आणि तिच्यादेखत मला म्हणाला, "घ्या काकू, तुमचं छत तुम्हाला परत."

मी म्हटलं, मी तुला कधी सांगितलं रे मेल्या? तर तो गोंधळला. खरंच गोंधळला. म्हणाला, "तुम्हीच तर लिहिलं होतं. हे लोक आल्यापासून माझं छत माझं राहिलेलं नाही. जिन्याला कुलूप घालून किल्ली वितळवावी असं वाटतं. आम्ही सगळ्यांनी वाचलंय. गावाचं नाव तेवढं तुम्ही खोटं दिलं होतं, पण आमची माणसं गावोगाव आहेत. निळं छप्पर आणि समोरचा किल्लीवाला, शोधायला फार वेळ लागला नाही." आणि मग हळूच म्हणाला, समजलं, लोकांसमोर तुम्हाला नाहीच म्हणावं लागणार.

हे वाक्य मी जगात एकाच माणसाला लिहिलं होतं.

वरचीने माझ्याकडे पाहिलं. ते तुला सांगता येणार नाही, आणि सांगायचंही नाही. मी पुढे केलेला हात तिने झटकला नाही. फक्त पोरींना त्या हातापासून लांब घेतलं.

त्यांना बसवाल्याच्या एका सोबत्याने घरी नेलंय. धाकटी बोलत नाही असं किल्लीवाल्याने सांगितलं. पोलीस आज येऊन गेले. तक्रारीत माझं नाव आहे.

तू लिहिलं आहेस, योगायोग असेल. पुन्हा एकदा लिही बघू.

ताई

१९ एप्रिल

ताई,

योगायोग नव्हता. मला बिल्ला पाहताक्षणीच कळलं होतं, तरी मी तसं लिहिलं.

ती बाई म्हणजे तू आहेस. समितीने परवानगी देताना अट घातली होती की खोटी व्यक्ती कुठल्याही खऱ्या माणसावरून बेतायची नाही. मी लिहून दिलं की ती पूर्ण काल्पनिक आहे. सुरुवातीला होतीही. पण मी रचलेलं काही त्यांना पटेना. म्हणायचे, ही पुस्तकातलं बोलते. मला काढून टाकायच्या बेतात होते. त्या दिवशी तुझं पत्र आलं होतं. मी त्यातलं एक वाक्य टाकलं, अर्धं. पुढचं, पोरींना ताप आलाय का बघायला जिना चढते, ते गाळलं. तिथे ते चाललं नसतं. तासाभरात सगळं बदललं. म्हणाले, ही आपली. मग मला दुसरं काही सुचेचना. छप्पर, किल्लीवाला, म्हातारी, चादरी. मी तुझं बोलणं कापत गेले आणि लावत गेले. गावाचं नाव बदललं म्हणजे तू सुरक्षित, असं स्वतःला सांगत राहिले. तुला शोधून काढल्याचं त्यांनी गटात लिहिलंच नाही. तुला जास्त लिही म्हणाले, तेही त्याचसाठी. पत्र आलं की दिवस बरा जातो, हेही खरं होतं. दोन्ही खरं होतं, म्हणूनच मला माझी शिसारी येते.

कुणाला चिथवायचं नाही, ही पहिली अट होती. मी म्हणत होते, मी काही चिथवलं नाही, एका बाईने कुरकुर केली. मॅडमना काल सगळं सांगितलं.

आता जे लिहिते आहे ते वाचून तू मला दारात उभी करणार नाहीस. तरी लिहिते. आतल्या गटात आणखी काही घरांबद्दल बोलणं चालू आहे. कुठली ते अजून पक्कं कळलेलं नाही. मी आज जर पोलिसांना सांगितलं की ती बाई म्हणजे मी, तर तू सुटशील, पण त्या क्षणी मी बाहेर फेकली जाईन आणि ती घरं कळणारच नाहीत. मॅडम म्हणतात, थोडे दिवस. तोवर तू कुणालाच काही सांगू नकोस. वरचीलाही नाही. मला ठाऊक आहे मी काय मागते आहे.

चिंगी

२३ एप्रिल

चिंगी,

नाही.

त्या बाकीच्या घरांचं तू आणि तुझी मॅडम मिळून बघा, तुम्ही शिकलेल्या आहात. पण त्यासाठी मी वरचीच्या नजरेत त्या मेल्यांची काकू होऊन बसणार नाही, एक दिवससुद्धा नाही. त्या घरांतल्या बायकांना वाचवायला तू माझ्या घरातल्या बाईला आधीच देऊन बसली आहेस, आणि मला विचारलंही नव्हतंस.

कापड कापणं मला शिकवू नकोस. आम्ही शिवणीसाठी कडेला माया सोडून कापतो, आणि कापायच्या आधी कापड कुणाचं ते विचारतो.

यंत्रात घालते म्हणाली होतीस, पण माझं बोलणं उतरवायला ती जवळ ठेवलीच असशील. माझी पत्रं परत पाठव. सगळी. मला ते वाक्य पूर्ण हवंय, माझ्या अक्षरात, तारखेसकट. मी ते तिच्यापुढे ठेवणार आहे. तिला वाचता येत नसेल तर तिची थोरली वाचून दाखवेल, तिला शाळेत आपली लिपी येते. पोलिसांनाही तेच दाखवणार. बाकी मला तुझ्याकडून काही नको.

ताई

२६ एप्रिल

ताई,

तुझी पत्रं नाहीत.

मी तुला सांगितलं होतं, यंत्रात घालते. एकही ठेवलं नाही. तुझ्यावर काही येऊ नये म्हणून. काल कचऱ्याच्या पिशव्यांपर्यंत जाऊन आले, त्या कधीच गेल्या. आता ते वाक्य फक्त एकाच ठिकाणी आहे, त्यांच्या गटात, माझ्या खोट्या नावाखाली. आणि ते अर्धंच आहे.

तुझं पत्र घेऊन मी मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, अजून आठवडाभर थांब. मी पहिल्यांदा त्यांचं ऐकलं नाही. पोलिसांकडे जाऊन माझ्या खऱ्या नावाने जबाब दिला. ती बाई मी आहे, ताईचा संबंध नाही, शब्द मी चोरले, उरलेला अर्धा भाग काय होता तेही लिहून दिलं. त्यांनी विचारलं, पुरावा? मी म्हटलं, मला आठवतं. हवालदाराने तेही लिहून घेतलं. जबाबाची प्रत सोबत आहे.

संध्याकाळपर्यंत गटाला कळलं. कसं, कुणास ठाऊक. मला काढलं, गट बंद केला, दुसरीकडे गेले. आता आत आमचं कुणी नाही. जेवढं कळलं होतं तेवढं पोलिसांना दिलं, ते म्हणाले, बघू. समितीने माझं काम थांबवलं आहे. माझ्या दारातला माझा फोटोही फिरतो आहे, खाली तेच दोन शब्द, 'इथे राहते'. ते होणारच होतं.

मी येते, ताई. आता लपण्यासारखं काही राहिलेलं नाही. तिच्यापुढे उभी राहून मी सांगेन.

चिंगी

४ मे

चिंगे,

तुझी जबाबाची प्रत मिळाली. पोलिसांनी मला बोलावून सांगितलं, तुमचं नाव तूर्त बाजूला ठेवतो. तूर्त.

तुझी वाट न बघता मी गेले. बसवाल्याच्या सोबत्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. तिने दार उघडलं पण साखळी काढली नाही. हात गळ्यात बांधलेला. मी सगळं पाठ करून गेले होते, सोप्या शब्दांत, तिला कळेल असं. माझी धाकटी बहीण, तिचा अभ्यास, माझी पत्रं, तुझं खोटं नाव. पहिलं वाक्य अर्धं झालं असेल नसेल, तिने मला थांबवलं. आणि आपल्या तोडक्या भाषेत विचारलं, "ते, छताचं. तुम्ही लिहिलं?"

बाकी काही नाही. एवढंच.

मी काय सांगणार होते, चिंगे? लिहिलं तर होतंच. मी म्हटलं, हो. आणि पुढे सांगायला तोंड उघडलं तोवर दार लागलं होतं. हळू लावलं, आपटलं नाही. आतून कडी लावल्याचा आवाज आला. मी त्या बंद दाराला उरलेलं अर्धं वाक्य सांगितलं, ताप आलाय का ते बघायला मी वर यायची, असं. कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. परत येताना कठडा धरून पायरीवर बसले.

तू ये. माझ्याकडे नको, आधी तिच्याकडे जा. दार उघडलं नाही तर दुसऱ्या दिवशी जा. मी किती दिवस तुझ्याशी बोलणार नाही ते मला माहीत नाही, पण अंथरूण घातलेलं असेल आणि जेवण झाकून ठेवलेलं असेल. तुझा फोटो फिरतोय म्हणतेस, तर डोक्याला काहीतरी गुंडाळून ये आणि मागच्या दाराने ये.

जॅकेटं मी त्या लोकांना दिली नाहीत. बिल्ले उसवून पोलिसांकडे दिले. जॅकेटं न्यायला अजून कुणी आलं नाही, येतील. किल्लीवाला दिवसभर त्याचं स्टूल माझ्या दाराशी आणून बसतो.

फ्रॉक झाले दोन्ही. थोरलीच्या फ्रॉकला खाली चार बोटं कापड जास्त दुमडून ठेवलंय, वाढतं अंग आहे. तू जाशील तेव्हा घेऊन जा. माझं नाव सांगू नकोस.

काल एक जुनं गिऱ्हाईक आलं, तीच पांढऱ्या कोटवाली. वर बघून, आवाज खाली आणून मला म्हणाली, बरं झालं हो, आता किती शांत वाटतं इथे. मी तिचा ब्लाउज न शिवता तसाच तिच्या हातात दिला आणि तिला दुकानाबाहेर जायला सांगितलं. ती गेली. मग मी दार लावून घेतलं, आणि मशीन बंद करून खूप वेळ वर ऐकत बसले.

ताई